बाणाकडे नको, बाण सोडणाऱ्याकडे पाहा

आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकीकत सांगणार आहे. चूक तशी लहान, कुठल्याही शाळेच्या मैदानावर होऊ शकेल अशी. पण ती पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडून व्हावी, याची मला आजही रुखरुख वाटते.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव आहे. काही वर्षांपूर्वी या परिसरातील एका शाळेत क्रीडादिनाला परीक्षक म्हणून मला बोलावले होते. स्पर्धा तीरकामठ्याची होती. धनुष्ये बांबूची, शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनीच केलेली. वीस मीटर अंतरावर कडब्याच्या पेंढ्या घट्ट बांधून उभ्या केल्या होत्या, त्यांवर ८० सेंटिमीटर व्यासाचे कागदी लक्ष्य लावले होते आणि मागे शेताचा उंच बांध होता. प्रत्येकाला सहा बाण.

नववीतल्या एका मुलाचा एक बाण बरोबर मधोमध बसला. मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याचे बाकीचे बाण मात्र चहूकडे गेले. दोन तर लक्ष्याला शिवलेही नाहीत. त्याला एकूण १९ गुण मिळाले. नंतर आठवीतली एक मुलगी आली. तिचे सहाही बाण डावीकडे खाली, कडेजवळ लागले. पण ते सगळे जेमतेम एका तळहाताच्या जागेत होते. तिला १७ गुण मिळाले. मी बेरीज केली आणि बक्षीस मुलाला देऊन मोकळा झालो. “हिचा नेमच नाही,” असे कोणीतरी म्हणाले. मी ते ऐकले आणि गप्प बसलो. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो, तेव्हा स्पर्धकांच्या यादीत त्या मुलीचे नाव नव्हते.

आता तुम्हीच सांगा, त्या दोघांत चांगला धनुर्धर कोण?

प्रयोगशाळेत तुम्ही सूक्ष्ममापी वापरला असेल. त्याचे दोन्ही जबडे मिटले तरी कधीकधी शून्याऐवजी दुसराच आकडा दिसतो. याला आपण शून्य त्रुटी म्हणतो. असे उपकरण आपण फेकून देतो का? नाही. प्रत्येक वाचनातून तेवढी त्रुटी वजा करतो आणि उत्तर अचूक येते. पण ज्या उपकरणाचे वाचन दर वेळी वेगळे येते, त्याचे काय करणार? त्यातून काय वजा करायचे, हेच कळत नाही. त्या मुलीच्या बाणांत फक्त शून्य त्रुटी होती. “नेम थोडा उजवीकडे आणि वर धर,” एवढे एक वाक्य तिला पुरले असते. मुलाचा मधला बाण हा मात्र योगायोग होता. वर्गात ज्या दोन त्रुटींतला फरक मी दर वर्षी शिकवतो, तो मैदानावर मला दिसला नाही!

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की शाळेत धनुर्विद्या शिकवताना पहिले वर्षभर मधल्या वर्तुळाला महत्त्वच देऊ नये. बाण कुठे लागला यापेक्षा तो कसा सोडला, हे पाहावे. लक्ष्य हे शेवटचे प्रकरण आहे. पहिले प्रकरण म्हणजे बाण सोडणाऱ्याची ठेवण.

ठेवण म्हणजे काय? उभे राहणे, धनुष्य धरणे, दोरी ओढणे, ओढलेला हात टेकवणे, दोरी सोडणे आणि सोडल्यानंतर स्थिर राहणे. या साऱ्या गोष्टी दर वेळी सारख्या करणे म्हणजे चांगली ठेवण. येथे ‘सारख्या’ हा शब्द मोलाचा आहे. तो किती मोलाचा, ते एका हिशेबावरून पाहू.

समजा, तुमचे धनुष्य पूर्ण ओढायला १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते आणि दोरी अर्धा मीटर मागे येते. बल शून्यापासून हळूहळू वाढत जाते, म्हणून साठलेली ऊर्जा १०० गुणिले ०.५ च्या निम्मी, म्हणजे २५ ज्यूल झाली. त्यातली निम्मी बाणाला मिळाली असे धरू. बाण २५ ग्रॅमचा असेल, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर येतो. वीस मीटर जाईपर्यंत असा बाण गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ दोन मीटर खाली येतो. म्हणून तर आपण बाणाचे टोक थोडे वर धरतो.

आता दोरी फक्त २ सेंटिमीटर कमी ओढली तर? साठलेली ऊर्जा ओढीच्या वर्गाच्या प्रमाणात असते; ती सुमारे ८ टक्क्यांनी घटते. वेग कमी झाला, वेळ जास्त लागला आणि बाण सुमारे १७ सेंटिमीटर आणखी खाली गेला. ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर प्रत्येक वलय ४ सेंटिमीटर रुंदीचे असते. म्हणजे चेहऱ्याजवळ दोन बोटांपेक्षाही कमी फरक आणि लक्ष्यावर चार वलयांचा फटका! डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी ही चूक भरून निघत नाही, कारण ती डोळ्याची नाहीच.

यावर उपाय साधा आहे. ओढलेला हात दर वेळी चेहऱ्याच्या एकाच ठिकाणी टेकवा. हनुवटीखाली म्हणा, ओठाच्या कोपऱ्याशी म्हणा. पण ठिकाण एकदा ठरवले की बदलू नका. खात्री करायची असेल तर पूर्ण ओढीला बाणाचा जो भाग धनुष्याशी येतो, तेथे शाईची रेघ मारा. बाजूला उभ्या असलेल्या मित्राने लक्ष्याकडे मुळीच न पाहता फक्त ती रेघ पाहावी. रेघ जागेवर आली नाही, तर बाण न सोडता दोरी हळू सैल करावी.

दुसरी गोष्ट दोरी सोडण्याची. बोटांवरून निसटताना दोरी किंचित बाजूला सरकते आणि बाण वाकतो. डाव्या-उजव्या बाजूला लवत तो धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात धनुष्यबाणाचा अभ्यास करताना अतिवेगवान छायाचित्रणाचा उपयोग केला. साध्या डोळ्यांना सरळ दिसणारा बाण प्रत्यक्षात किती लवतो, हे अशा चित्रांतून दिसते. हे लवणे चुकीचे नाही. ते दर वेळी सारखे व्हायला हवे, इतकेच. झटका देऊन बोटे उघडली की ते बदलते. बोटे नुसती ढिली करा. दोरी आपण होऊन निघून जाईल.

तिसरी गोष्ट बाण सुटल्यानंतरची. वरच्या हिशेबातला बाण दोरीपासून सुटा व्हायला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग लागतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सुमारे पाचवा भाग लागतो. मग बाण गेल्यावर हात स्थिर कशाला ठेवायचा, असे तुम्ही विचाराल. कारण असे, की बाण कुठे लागला हे पाहण्याच्या घाईत जो हात खाली आणायचा असतो, तो बाण सुटण्याआधीच खाली यायला लागतो. त्या मैदानावर बहुतेक मुले दोरी सोडताक्षणी मान उंचावून पाहत होती. देवी त्वरिता असली तरी या विद्येत त्वरा उपयोगाची नाही!

येथे कोणी म्हणेल, “पण अर्जुनाला तर फक्त पक्षीच दिसत होता!” ही गोष्ट आपण सारे लहानपणापासून ऐकतो. मला वाटते, ती अर्धीच ऐकतो. आदिपर्वात द्रोणाचार्य तो कृत्रिम पक्षी झाडावर ठेवतात, ते शिष्यांचे शिक्षण झाल्यानंतर परीक्षा घेण्यासाठी. हात, खांदा, बोटे यांचा विचार करण्याची अर्जुनाला तोपर्यंत गरज उरली नव्हती. पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती धनुष्य देऊन “फक्त डोळा पाहा” असे सांगणे म्हणजे मुळाक्षरे न शिकवता निबंध लिहायला सांगणे होय.

आपल्या महाराष्ट्रातले खेळाडू पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली; अंतिम फेरीत तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. म्हणजे पंधराही बाण दहाच्या वर्तुळात! त्यांची धनुष्ये चाकांची आणि महागडी, आपली बांबूची, हे खरे. पण पंधरा वेळा तीच कृती तशीच करणे हे कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला आणि २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. साधन साधे आहे म्हणून ठेवण साधारण असावी, असा नियम नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. स्पर्धेत गुण मोजावेच लागतात, हे मला मान्य आहे. पण सरावात निराळे माप वापरून पाहा. पहिले काही आठवडे तीन-चार मीटरवरून, कोऱ्या गवताच्या गठ्ठ्यावर, लक्ष्याशिवाय बाण सोडू द्या. नंतर लक्ष्य लावा, पण गुण मोजू नका. सहा बाणांभोवती सुतळीचा वेढा घाला आणि तिची लांबी वहीत लिहा. ज्याची सुतळी महिन्या-महिन्याला आखूड होत जाते, त्याची प्रगती होत आहे. मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय बाण सोडू नये, रेषेच्या पुढे कोणी उभे राहू नये आणि बाण न लावता दोरी कधीही ओढून सोडू नये. तसे केले तर बाणाला जायची ऊर्जा धनुष्यातच राहते आणि बांबू फुटतो. एवढे नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावेत.

त्या मुलीची सुतळी त्या दिवशी मैदानावर सर्वांत आखूड भरली असती. ती मोजायला तिथे कोणी नव्हते. जो होता, तो बेरीज करीत होता. तुमच्या शाळेतही अशी एखादी मुलगी असेल. तिचे बाण मध्ये लागत नसतील, पण एकाच जागी लागत असतील, तर तिला थांबवून तेवढे एक वाक्य जरूर सांगा.