एकाच कार्डाला दोन आकडे



स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया कंपनीला सीमाशुल्क खात्याने सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस दिली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कंपनीचा एक कारखाना आपल्या मराठवाड्यात, शेंद्र्याला आहे. अख्ख्या गाड्याच सुट्या करून वेगवेगळ्या खेपांत आणल्या आणि 30 ते 35 टक्क्यांऐवजी सुट्या भागांचे 5 ते 15 टक्के शुल्क भरले, असा खात्याचा आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही. त्याचा निवाडा न्यायालय करील. मला खटकते ते हे, की आयात मालाला सीमाशुल्काच्या तक्त्यातला कोणता आकडा लागायचा, हा प्रश्न बड्या कंपन्यांचा आणि वकिलांचा म्हणून आपण सोडून देतो. त्याची झळ हदगावच्या दुरुस्तीच्या टेबलापर्यंत येते.

जानेवारीत तामशाकडचे एक मामा सौरपंपाचा कंट्रोलर पोत्यात गुंडाळून माझ्या दुकानात आले. सरकारी योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची हमी असते. यांनी पंप पदरच्या पैशाने बसवलेला. झाकण काढले तर मुख्य कार्डावर काजळी, एक रिले चिकटलेला आणि पॉवर मॉड्यूलच्या पायांशी तांब्याची पट्टीच उडालेली. रिले माझ्याकडे होता, पण कार्ड बदलल्यावाचून इलाज नव्हता. मुंबईचा व्यापारी म्हणाला, माल न्हावाशेवा बंदरात अडकलाय, कोडचा वाद आहे. एकोणीस दिवस गेले. मामा दिवसाआड फटफटीवर येऊन विचारायचे, “दादा, कार्ड कवा येतंय? हळद वाळायली.”

कार्ड आले, त्याच्या बिलावर एचएसएन, म्हणजे तक्त्यातला मालाच्या वर्गवारीचा आकडा, 8537. त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे कार्ड मी सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतले होते. त्या बिलावर 8504. दोन्ही बिले हे पत्र लिहिताना समोर आहेत.

यात दोघांपैकी कोणी लबाड आहे असे मला वाटत नाही. हा कंट्रोलर सौर पॅनेलची डीसी वीज घेऊन मोटारीसाठी एसी करतो, म्हणून तो 8504, म्हणजे कन्व्हर्टर. मोटार चालू-बंद करतो, विहीर आटली की तिला कोरडी चालू देत नाही, म्हणून 8537, म्हणजे नियंत्रण पॅनेल. ऊन कमी-जास्त झाले की व्होल्टेज आपोआप सांभाळतो, म्हणून कोणी 9032 म्हणेल, म्हणजे स्वयंचलित नियंत्रण उपकरण. नुसते कार्ड आणले तर ते या तिघांपैकी कोणाचा भाग, हा आणखी एक वाद. त्याच कार्डावरचा रिले सुटा आणला तर 8536, कॅपॅसिटर 8532, चिप 8542. शेवटच्या दोघांवर 1996 च्या माहिती-तंत्रज्ञान करारामुळे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. कार्ड झाले की हिशेब बदलतो. आणि जीएसटी व्यापाऱ्याला वळता करून घेता येतो, मूळ सीमाशुल्क मात्र वळते होत नाही. ते किमतीत मुरते आणि शेवटी मामांच्या खिशातून जाते.

तक्त्याला माझा विरोध नाही. 1988 पासून जगभरचा व्यापार त्यावर चालतो. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. अडचण निर्णयाच्या वेळेची आहे. 2011 पासून आकारणी आयातदारानेच स्वतः करायची, खाते मागाहून तपासणार. एरवी दोन वर्षे मागे जाऊन वसुली होते. जाणूनबुजून माहिती दडवल्याचा ठपका ठेवला की पाच वर्षे. तक्त्याचा अर्थ लावण्यात झालेला प्रामाणिक मतभेद आणि दडवादडवी या दोन गोष्टी एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

रेल्वे सिग्नलमधल्या रिलेचा खटला पाहा. वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मर ही पश्चिम बंगाल सरकारचीच कंपनी. तिचे रिले 8536 मधले विजेचे उपकरण, की 8608 मधला सिग्नल यंत्रणेचा भाग, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. 8 मार्च 2021 रोजी कंपनी जिंकली. खटला उत्पादन शुल्काचा होता, पण शीर्षके हीच. पुढे जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने खात्याला कळवले, की हा निकाल वाहनांच्या सुट्या भागांना सरसकट लावू नका. सरकारी कंपनीची ही गत, तर पन्नास कार्डे मागवणाऱ्या व्यापाऱ्याने आपला आकडा बरोबर आहे हे कशाच्या भरवशावर म्हणायचे?

खोटा आकडा टाकून शुल्क बुडवणारे असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यामुळे इथेच कार्ड बनवणारे लघुउद्योजक मार खातात, आणि अशा बुडव्यांना खात्याने पकडलेच पाहिजे. पण आकडा आधीच जाहीर असेल तर चोर ओळखणेही सोपे जाईल.

आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण 2021 पासून मुंबई आणि दिल्लीत आहे, तीन महिन्यांत निर्णय द्यायची तरतूदही आहे. तो निर्णय फक्त अर्जदारापुरता बांधील, तोही ठरावीक मुदतीपुरता. शेजारचा व्यापारी तीच वस्तू आणील तर त्याला त्याचा आधार नाही. म्हणून माझी मागणी अशी: सौरपंपाचे कंट्रोलर, मोटार स्टार्टर, ड्राइव्ह आणि त्यांची कार्डे यांचे आकडे केंद्रीय मंडळाने स्वतःहून, फोटोसह जाहीर करावेत. ते सर्व आयातदारांना लागू असावेत. त्याप्रमाणे शुल्क भरणाऱ्याला मागल्या तारखेची नोटीस येऊ नये. तरी वाद झालाच, तर कलम 18 खाली तात्पुरती आकारणी करून माल सोडावा आणि लहान आयातदाराकडून बँक गॅरंटी न मागता नुसता बाँड घ्यावा. 1 जानेवारी 2028 पासून जागतिक तक्ता बदलणारच आहे. आपला तक्ता त्याबरोबर नव्याने लिहिला जाईल, तेव्हाच हे काम करून घ्यावे.

आणि महाराष्ट्र सरकारने यात लक्ष घालावे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या पहिल्या पंपांची पाच वर्षांची हमी 2029 पासून संपू लागेल. त्यानंतर जळालेली कार्डे कंपनीकडे न जाता पोत्यात गुंडाळून आमच्याकडे येतील.

— एक पंप व पॅनेल दुरुस्ती व्यावसायिक, हदगाव, जि. नांदेड