शेतावरच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसेना?

२०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीच्या मागावर वनखात्याने जंगलात कॅमेरे लावले होते, ते आपल्याला आठवत असेल. तसले कॅमेरे बहुधा फोटो आपल्याच कार्डात साठवतात. माणसाने जाऊन ते आणायचे. आपल्या गोठ्यावरचा कॅमेरा मात्र चित्र थेट फोनवर धाडतो. म्हणून वाटेतला एक दुवा निसटला, की चित्र बंद!

अशा वेळी घाईने रिसेटचे बटण दाबू नका. केलेली सारी जुळणी पुसली जाते. क्रमाने पाहा.

१) वीज : कॅमेऱ्याचा दिवा लागतो का? गेलेली वीज परत आली, की राउटरला दोन-चार मिनिटे द्या.

२) नेट : फोनचे स्वतःचे नेट बंद करून राउटरच्या वायफायवर काही उघडते का? नसेल, तर राउटरमधल्या सिमचा रिचार्ज तपासा.

३) पासवर्ड : घरात कोणी वायफायचा पासवर्ड बदलला असेल, तर तो कॅमेऱ्यालाही नव्याने द्यावा लागतो.

४) अंतर : पुष्कळ कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय पकडतात. भिंती आणि टिनाचे पत्रे लहरी अडवतात. राउटर जवळ आणून पाहा.

कॅमेऱ्यात कार्ड घालून ठेवा. नेट तुटले, तरी वीज असेपर्यंत रात्रीचे चित्र त्यात राहते. आणि चित्र दिसेना म्हणून अंधारात एकटे शेताकडे धावू नका. सकाळी दोघे मिळून जा. कापूस पुढल्या साली पुन्हा येईल. घरचा माणूस येत नाही.