शेजाऱ्याला बारा गुण

युरोव्हिजनचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तीच तक्रार सुरू होते. गाणी कोण ऐकतंय, सगळा शेजारपाजारचा मामला! ग्रीस सायप्रसला बारा गुण देणार, सायप्रस ग्रीसला. रोमानिया मोल्दोव्हाला विसरणार नाही. बाल्कनवाले आपसात वाटून घेणार, नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्क आपसात. मी ही स्पर्धा दरवर्षी बघते. मे महिन्यातल्या त्या शनिवारी आपल्याकडे रात्री साडेबाराला ती यूट्यूबवर सुरू होते आणि गुणांची बेरीज संपेपर्यंत पहाटेचे चार वाजून जातात. त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग शेवटचा, मतांचा. म्हणून ही तक्रार कानावर आली की राहवत नाही. शेजाऱ्याला मत देण्यात मला लबाडी दिसत नाही. ज्याचं गाणं कानाला ओळखीचं वाटतं त्याला लोक मत देतात, आणि गाण्याच्या स्पर्धेत दुसरं काय व्हायला हवं?

ज्यांनी ही स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला सात देशांनी मिळून तिची सुरुवात केली. आता पस्तीसच्या आसपास देश येतात. प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना गुण देतो: बारा, दहा आणि मग आठपासून एकपर्यंत. १९७५ पासून हीच मोजणी आहे. पूर्वी फक्त परीक्षक गुण द्यायचे. १९९७ मध्ये पाच देशांनी फोनवरून प्रेक्षकांची मतं घेऊन पाहिली आणि पुढच्या वर्षी ती पद्धत बहुतेकांनी उचलली. २०१६ पासून परीक्षकांचे बारा वेगळे आणि प्रेक्षकांचे बारा वेगळे. एक नियम मात्र १९५७ पासून कायम आहे. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. फोन ज्या देशातून लागतो तो तुमचा देश. म्हणजे तुर्कस्तान स्पर्धेत होता तेव्हा बर्लिनमध्ये राहणाऱ्या तुर्की माणसाला तुर्कस्तानच्या गाण्याला खुशाल मत देता यायचं, आणि इस्तंबूलमधल्या त्याच्या भावाला येत नसे. शेजाऱ्यांच्या आणि परगावी गेलेल्यांच्या मतांना इतकं वजन येतं ते या नियमामुळे.

सगळ्यात जास्त ओरड झाली २००७ मध्ये, हेलसिंकीला. उपांत्य फेरीत अठ्ठावीस गाणी होती, पुढे जाणार होती दहा. दहाच्या दहा जागा पूर्व युरोपने आणि तुर्कस्तानने घेतल्या. अंतिम फेरीत सर्बियाची मारिया शेरीफोविच ‘मोलित्वा’ हे गाणं घेऊन जिंकली. काळा कोट घातलेली ती साधी मुलगी, मागे पाच जणी, नाच नाही, आतषबाजी नाही, नुसता आवाज. सर्बियाला नऊ देशांनी बारा-बारा गुण दिले. त्यांतले पाच जुन्या युगोस्लाव्हियातले: बोस्निया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, मॅसेडोनिया, माँटेनेग्रो. पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांना एवढं पुरेसं होतं.

आता हे पाच देश जरा जवळून पाहा. यांतले बहुतेक देश १९९०च्या दशकात युद्धात ओढले गेले. सारायेव्होला जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता. त्या वेढ्यातूनच १९९३ मध्ये बोस्नियाचा गायक आणि त्याचे साथीदार जिवावर उदार होऊन बाहेर पडले आणि आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीटला गाऊन आले. त्याच बोस्नियाने चौदा वर्षांनी सर्बियाच्या गाण्याला बारा गुण दिले. कुणी म्हणेल, बोस्नियात सर्बही राहतात. राहतात, त्यांची मतं त्यात आहेतच. मग क्रोएशियाचं काय? तिथे युद्धानंतर सर्ब लोकसंख्या फार थोडी उरली होती. राजकारण पाहून मतं पडत असती तर क्रोएशियाकडून सर्बियाला एक गुण मिळाला नसता.

माँटेनेग्रोची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २००६ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो अजून एकच राष्ट्र होतं. मार्चमध्ये बेलग्रेडला त्यांची निवड स्पर्धा झाली. माँटेनेग्रोच्या परीक्षकांनी सर्बियाच्या लाडक्या गाण्यांना हात आखडता घेतला, माँटेनेग्रोचा ‘नो नेम’ हा बँड पहिला आला आणि सभागृहात इतका गोंधळ उडाला की त्या वर्षी या जोड-राष्ट्राला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. २० मे रोजी अथेन्सला अंतिम सोहळा झाला. २१ मे रोजी माँटेनेग्रोत सार्वमत झालं आणि तो देश वेगळा झाला. वर्षभरात याच माँटेनेग्रोच्या लोकांनी फोन उचलून सर्बियाला बारा गुण दिले. घर वाटलं गेलं तरी रेडिओवर लागणारं गाणं वाटलं गेलं नव्हतं, एवढाच याचा अर्थ.

आणि ते वाटलं जाणारही नव्हतं, कारण तिथला संगीताचा बाजार एकच आहे. बेलग्रेडच्या गायकाची मैफल झाग्रेबला भरते, सारायेव्होचा गायक ल्युब्लियानात लोकप्रिय असतो. झेल्को योक्सिमोविच हे त्याचं ठळक उदाहरण. २००४ मध्ये सर्बिया-माँटेनेग्रोसाठी ‘लाने मोये’ गाऊन तो दुसरा आला. दोन वर्षांनी बोस्नियाचं ‘लेय्ला’ हे गाणं तिसरं आलं. त्याची चालही योक्सिमोविचचीच. त्याला मत देणारा क्रोएशियन माणूस परक्या देशाला मत देतच नव्हता. ज्याच्या कॅसेट वर्षानुवर्षं गाडीत वाजल्या त्या संगीतकाराला देत होता. शब्द कळतात, चाल अंगवळणी पडलेली असते. मग गाणं आवडणारच.

शिवाय २००७ मध्ये सर्बियाला उरलेले चार बारा कुठून आले हे तक्रार करणारे सांगत नाहीत. हंगेरी शेजारी म्हणून सोडा. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सर्बियन कामगार खूप, तेही सोडा. पण चौथा देश फिनलंड. फिनलंडचा सर्बियाशी ना शेजार, ना भाषेचा संबंध.

ब्रिटनमधल्या चाहत्यांची नाराजी मी समजू शकते. टेरी वोगनसारखा माणूस वर्षानुवर्षं बीबीसीवर या स्पर्धेचं निवेदन करत होता. या मतदानाला कंटाळून २००८ नंतर तो थांबला. पण ब्रिटनचंच २०१४ चं मतदान मला या सगळ्यात सर्वांत शिकवणारं वाटतं. त्या वर्षी पोलंडच्या गाण्यात रंगमंचावर एक मुलगी लोणी घुसळत होती, दुसरी कपडे धूत होती, सगळा थाट स्लाव्ह खेड्यातला. ब्रिटनमधून आलेल्या फोनच्या मतांत हे गाणं पहिलं आलं. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेल्यावर लाखो पोलिश माणसं ब्रिटनमध्ये कामाला आली होती. ती माणसं बोलली. आणि ब्रिटनच्या परीक्षकांनी हेच गाणं शेवटच्या क्रमांकावर टाकलं. त्या वेळी दोन्ही क्रमवारी एकत्र करायची पद्धत होती. बेरीज झाली आणि ब्रिटनकडून पोलंडला मिळाले शून्य गुण. हजारो लोकांनी पैसे खर्चून केलेले फोन पाच माणसांनी पुसून टाकले. गाणं चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवते. मलाही ते फार आवडलं नव्हतं. पण देशातल्या लोकांनी पहिलं आणलेलं गाणं गुणतक्त्यावर दिसूच नये, हा मला अन्याय वाटतो. २०१६ मध्ये दोन्ही गुण वेगळे झाले ते फार बरं झालं. त्याच वर्षी पोलंडच्या मिखाउ श्पाकला परीक्षकांनी अवघे सात गुण दिले, प्रेक्षकांनी २२२.

पश्चिमेने आणखी एक गोष्ट आठवावी. १९७७ पासून १९९८ पर्यंत प्रत्येक देशाला आपल्याच भाषेत गावं लागत असे. इंग्रजीत गाण्याची मुभा फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा यांना. आयर्लंड १९९२, ९३, ९४ आणि ९६ मध्ये जिंकलं, १९९७ मध्ये ब्रिटन जिंकलं. ती गाणी चांगली होती याबद्दल मला शंका नाही. पण सगळ्या युरोपला कळणारी भाषा मोजक्यांच्याच हातात होती, आणि त्याला कुणी गटबाजी म्हटलं नाही. आजही ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली हे देश जास्त पैसे भरतात म्हणून उपांत्य फेरी न खेळता थेट अंतिम फेरीत बसतात. शेजाऱ्याच्या बारा गुणांपेक्षा हा फायदा कितीतरी मोठा आहे.

शेजाऱ्यांच्या जोरावर कुणी जिंकतं का? मला तसं एकही उदाहरण दिसत नाही. शेजारी तुम्हाला बाविसाव्या क्रमांकावरून चौदाव्यावर आणतील, उपांत्य फेरी पार करून देतील. पहिलं यायचं तर लिस्बनपासून बाकूपर्यंत सगळीकडून गुण लागतात. २०१२ मध्ये स्वीडनच्या लोरीनला अठरा देशांनी बारा दिले. आणि पोर्तुगाल पाहा. शेजारी एकच, स्पेन. १९६४ पासून गात होते, एकदाही जिंकले नव्हते. २०१७ मध्ये कीव्हला साल्वादोर सोब्राल पोर्तुगीजमध्ये, जवळजवळ कुजबुजल्यासारखं गायला आणि ७५८ गुण घेऊन गेला. तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. अभ्यासकही याच दिशेने बोलतात. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि अब्दुल नूरी यांनी अनेक वर्षांची मतं तपासून भाषा आणि संस्कृतीची जवळीक हेच कारण पुढे ठेवलं. मतांच्या देवाणघेवाणीचा आरोप त्यांना टिकणारा वाटला नाही. ब्लांजार्दो आणि बायो या दोघांना काही देशांत एकमेकांबद्दल सौम्य झुकतं माप दिसलं, पण कुणाला मुद्दाम पाडल्याचा पुरावा सापडला नाही.

माझ्या दृष्टीने या मतांची खरी किंमत काही ठराविक रात्रींना कळते. २००३ मध्ये दुभंगलेल्या सायप्रसमधली सीमाचौकी तीसेक वर्षांनी उघडली, आणि महिन्याभरातच सायप्रसने तुर्कस्तानला आठ गुण दिले. त्याआधी कधी एकही दिला नव्हता. २०१६ मध्ये, रशियाने क्रिमिया घेतल्याला दोन वर्षं झालेली असताना, युक्रेनच्या प्रेक्षकांनी रशियाला बारा गुण दिले आणि रशियाच्या प्रेक्षकांनी युक्रेनच्या जमालाला दहा. दोन्हीकडच्या परीक्षकांनी समोरच्याला शून्य दिलं होतं. हे आकडे नंतर वाचले तेव्हा माझा विश्वास बसेना. आज ते आठवताना फार वाईट वाटतं, पण त्या रात्री लोकांनी ते दिले होते हे खोटं ठरत नाही. उलट २००९ मध्ये अझरबैजानमध्ये आर्मेनियाच्या गाण्याला मत दिलं म्हणून एका तरुणाला सुरक्षा मंत्रालयात चौकशीला बोलावलं गेलं. मतदानाला खरा धोका कुठून असतो ते इथे दिसतं.

दुसरा धोका बंद खोलीतला. लोकांची मतं एकांगी पडतात म्हणून २००९ मध्ये परीक्षकांना परत आणलं. २०२२ मध्ये तुरीनला दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांची मतं इतकी संशयास्पद निघाली की आयोजकांना ती रद्द करावी लागली. लाखो प्रेक्षकांना साटंलोटं करता येत नाही. पाच-पाच जणांना येतं. २०२३ मध्ये उपांत्य फेरीतून परीक्षक काढले तेव्हा मला आनंद झाला होता. २०२६ च्या नियमांत ते परत आणले, हे मला पटत नाही.

त्याच नियमांत एक गोष्ट चांगली झाली. पैसे भरण्याच्या एका पद्धतीने वीस मतं देता येत होती, ती दहावर आली. २०२५ मध्ये मोहिमा चालवून मतं गोळा केल्याच्या तक्रारी झाल्या, त्यानंतरचा हा बदल. माझं म्हणणं, दहा तरी कशाला? २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही कार्डाने पैसे भरून मत देता येतं; आपल्या सगळ्यांची मतं मिळून एका देशाइतकी धरतात. त्यामुळे मीही मत देते, आणि एकाच माणसाने तेच मत पुन्हा पुन्हा विकत घ्यावं हे मला खटकतं. आपल्याकडे २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’ला प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगच्या लोकांनी वर्गणी काढून एसएमएस केले होते. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदरच आहे; टीव्हीवर आपला चेहरा कधी न दिसलेल्या डोंगराने आपला मुलगा उचलून धरला. पण माणशी एकच मत असतं तर वर्गणीची गरज पडली नसती, आणि ते प्रेमही तितकंच मोजलं गेलं असतं.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. शेजाऱ्यांना देऊ देत. एकमेकांना नेहमी गुण देणारे देश वेगवेगळ्या उपांत्य फेऱ्यांत टाकण्याची सोडत २००८ पासून आहे, ती राहू दे. माणशी एक मत करा. आणि तुर्कस्तानला परत बोलवा. परीक्षकांच्या निम्म्या वाट्याला आणि श्रीमंत देशांच्या थेट प्रवेशाला हरकत घेऊन तो देश २०१२ नंतर आलेलाच नाही. जर्मनीतून वर्षानुवर्षं भरभरून मतं देणारी ती तुर्की कुटुंबं अजून तिथेच राहतात, आणि त्यांच्यासाठी यादीत गाणं नाही.