तारे घरी बसले म्हणून?

अमेरिकेचा बास्केटबॉल संघ बाहेर हरला की एक मत हमखास कानावर येते: बडे खेळाडू घरी बसले, आले ते मन लावून खेळले नाहीत; पहिली फळी पाठवा, सुवर्णपदक ठरलेलेच. एका जाणकार म्हणवणाऱ्या समीक्षकाने नुकतेच हे पुन्हा ठासून लिहिले आहे. जिंकणाऱ्याच्या कर्तबगारीला या मतात जागाच नाही, याचा मला संताप येतो.

2004 साली अथेन्स ऑलिंपिकला टिम डंकन आणि ॲलन आयव्हरसन होते ना? तरी पहिल्याच सामन्यात पोर्तो रिकोने 92–73 असे लोळवले. कसे, ते पाहायचे कष्ट या समीक्षकाने घेतलेले नाहीत. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, बचावपटूला कोणालाही न अडवता बास्केटखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ही अट नाही. पोर्तो रिकोने खेळाडूऐवजी जागा अडवणारा झोन डिफेन्स लावून ती जागा माणसांनी भरली आणि अमेरिकनांना लांबूनच शॉट मारायला लावले. तीन गुणांची रेषा एनबीएपेक्षा जवळ, तरीही 24 पैकी 3 शॉट पडले! पुढे उपांत्य सामन्यात डंकन पाचव्या फाउलला बाहेर गेला. एनबीएत सहावा होईपर्यंत खेळता येते. समोर होते अनेक वर्षे एकमेकांबरोबर खेळलेले अर्जेंटिनाचे जिनोबिली आणि स्कोला. अर्जेंटिना जिंकली 89–81. यात आळस कुठे दिसला?

2006 च्या जागतिक स्पर्धेत लेब्रॉन आणि वेड असतानाही ग्रीसने अमेरिकेला 101–95 हरवलेच.

हा युक्तिवाद जुनाच आहे. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून हार झाली, तेव्हा ‘कॉलेजची पोरे कशाला पाठवता?’ अशी ओरड होती. 1992 ला व्यावसायिक खेळाडू गेले, जिंकले, आणि प्रश्न कायमचा सुटला असे सगळ्यांनी धरून चालले. बाकीचे देश मात्र शिकत राहिले. 2024 ला पॅरिसमध्ये लेब्रॉन, करी, ड्युरँट असे सगळे असूनही सर्बियाविरुद्ध अमेरिका 17 गुणांनी मागे पडली होती. शेवटी जेमतेम 95–91 सुटली.

माझे म्हणणे एवढेच: लांबून नेम लावणारे आणि झोन फोडणारे खेळाडू निवडा, तीच माणसे काही वर्षे एकत्र ठेवा, आंतरराष्ट्रीय नियमांनी भरपूर खेळवा. आणि पुन्हा हरलात, तर आधी समोरच्या संघाचा खेळ बघा.