नंबर मोकळा, फोन मात्र दावणीला

स्वारगेटला गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला फोन विकणं फार सोपं असतं. एसटी लागायला वीस मिनिटं, हातात पिशव्या, आणि दुकानदार म्हणतो, "घेऊन टाका काका, फोर-जी आहे, हजाराच्या आत." गेल्या महिन्यात मामीसाठी मी असाच बटणांचा फोन घेतला. मामीचं गाव भोरच्या पुढे डोंगरात. तिथे एकाच कंपनीची रेंज येते, आणि ती फोनवाल्या कंपनीची नव्हे. मामीनं आपलं जुनं कार्ड घातलं. फोननं ते घेतलंच नाही. परत येऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "यात त्यांचंच कार्ड चालतं. खोक्यावर लिहिलंय की!" लिहिलं होतं खरं. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात.

कार्डात रिचार्ज होता, गावात रेंज होती, फोनही धडधाकट होता. अडवलं ते कंपनीनं फोनला लावलेल्या कुलपानं. प्रत्येक सिमकार्डात एक ओळखक्रमांक असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे देश आणि कंपनी सांगतात. भारताचे 404 किंवा 405. कुलूप लावलेला फोन एवढेच आकडे वाचतो आणि परक्या कंपनीचे दिसले की दार लावून घेतो. जुन्या टू-जी फोनवर फोर-जीचं नेटवर्क चालत नाही, ती यंत्राची मर्यादा झाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण न चालणं वेगळं आणि चालू न देणं वेगळं.

कंपनी म्हणेल, फोन स्वस्तात दिला तो याच अटीवर. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमनं 501 रुपयांत हँडसेट हातात ठेवले, तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या होत्या. त्या सीडीएमए फोनात काढता येईल असं कार्डच नव्हतं. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. पण तिथे बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून यायचे होते. ग्राहक देणेकरी होता, तेव्हा बांधून ठेवण्याला निदान काही आधार होता. प्रीपेड ग्राहक कोणाचं काय देणं लागतो? फोनचे पैसे त्यानं रोख मोजले, बोलण्याचे तर बोलण्याआधीच मोजले. आणि सवलत वसूल करायची असेल, तर किती रिचार्जनंतर ती फिटते हे आधीच सांगा. सावकारसुद्धा कर्ज फिटल्यावर गहाणवट परत करतो.

नंबरच्या बाबतीत हा वाद देशानं केव्हाच मिटवला आहे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 3 जुलै 2015 पासून राज्य बदललं तरीही. स्वस्त पॅकवाल्यांचा 1900 वर कंपनी बदलण्याचा एसएमएसच जात नव्हता, तर डिसेंबर 2021 मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'नं ते दारही उघडायला लावलं. मग नंबर माझा आणि त्याखालचा फोन कंपनीचा, हा कुठला न्याय? कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून फोनचं कुलूप काढायला पैसे घेता येत नाहीत. ब्रिटननं डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना असे कुलूपबंद फोन विकायलाच बंदी केली. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

आपल्याकडे मात्र गिऱ्हाइकाला गल्लीबोळातला 'कोड मारून देतो' म्हणणारा गाठावा लागतो. मलाही तीनशे रुपयांत एक जण तयार होता. त्या भानगडीत फोनच्या आयएमईआय या ओळखक्रमांकाला हात लागला तर तो गुन्हा ठरतो, हे मामीला कोण सांगणार?

तेव्हा 'ट्राय'नं दोन गोष्टी कराव्यात. 'दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालणार नाही' हे वाक्य किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरात, आपापल्या राज्याच्या भाषेत खोक्यावर छापायला लावावं. आणि कुलपाला मुदत घालावी. ती संपली की कंपनीनं ते फुकट काढून द्यावं, अर्ज-विनंत्या न करायला लावता.

मामीचा फोन सध्या आमच्या घरी पडून आहे. स्वारगेटला त्याला फुल्ल रेंज येते.

— एक वाचक, स्वारगेट, पुणे