पोरीचं नाव पुण्णाच!

शाळेत नाव घालायला गेलो. कारकून म्हणाला, 'हे कसलं नाव? पौर्णिमा लिहू?'

म्हटलं, पुण्णाच लिहा. पालीत पुण्णा म्हणजे पूर्ण, भरलेली. श्रावस्तीत अनाथपिंडिकाच्या घरी दासीच्या पोटी जन्मली, मरणाच्या थंडीत पाणी भरत राहिली. नदीत पाप धुणाऱ्या बामणाला तिनं गप केलं : पाण्यानं सुटका होते तर बेडकं-कासवं आधी स्वर्गात जातील! पुढं थेरी झाली. बामणाशी झालेला हा संवाद थेरीगाथेत आहे.

दोस्तहो, १९५६ नंतर आपण घरोघर यशोधरा, विशाखा आणल्या. चांगलंच केलं. पण एक राजघरची, दुसरी शेठाघरची. पाणी भरणारीच तेवढी दाराबाहेर का? १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांना दासीच्या नावाची लाज?

माझी पोर पुण्णाच. तुमची?