सायकल संस्थेची वर्गणी: खर्च की आधार?

ब्रिटनमध्ये मुलांकडे राहणारे काही ज्येष्ठ निवृत्तीनंतर पुन्हा सायकलीकडे वळतात. तेव्हा प्रश्न पडतो: १८७८ पासून कार्यरत असलेल्या ‘सायकलिंग यूके’ या संस्थेचे सभासद व्हावे का?

तेथे सायकलस्वाराला विम्याची सक्ती नाही. मात्र आपल्या चुकीने एखादा पादचारी जायबंदी झाला, तर भरपाईचा भार आयुष्यभराच्या बचतीवर येऊ शकतो. सभासदांना मिळणारा विमा अशा दाव्यांपासून १ कोटी पौंडांपर्यंत संरक्षण देतो. स्वतःची दुखापत वा सायकलची चोरी त्यात येत नाही, हे ध्यानी ठेवावे. घराच्या विम्यात अशी तरतूद आधीच असेल, तर या लाभाचे मोल कमी होते.

उरतो लाभ सोबतीचा. स्थानिक गटाबरोबर निघाल्यास वाटेत तोल गेला, चक्कर आली, तर हाक ऐकणारे कोणी असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

महिन्यातून एखादी फेरी उद्यानात मारणाऱ्यास ही वर्गणी अनावश्यक ठरेल. नित्य रस्त्यावर जाणाऱ्यास ती सार्थ आहे. ‘आता सायकल पुरे’ असे वडिलांना सांगण्याआधी मुलांनी हा मार्ग त्यांच्यापुढे ठेवून पाहावा.